लोहमार्ग कोठून न्यावा? जाळ्याच्या आखणीमागील गणित आणि कोरमंगलाचे उदाहरण

बंगळुरू शहराच्या आग्नेय भागातील कोरमंगला ही मुळात निवासी वसाहत म्हणून आखली गेली. आठ विभाग, रुंद रस्ते आणि बैठी घरे असे तिचे सुरुवातीचे स्वरूप होते. पुढे माहिती तंत्रज्ञानाच्या वाढीबरोबर ते झपाट्याने पालटले. फ्लिपकार्ट ही कंपनी २००७ मध्ये याच भागातील एका सदनिकेत सुरू झाली. आज येथे कार्यालये, दुकाने, भोजनगृहे, सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयासारख्या संस्था आणि राजेंद्रनगरसारख्या श्रमिकांच्या दाट वस्त्या शेजारीशेजारी नांदतात. दररोज बाहेरून येथे कामाला येणाऱ्यांची आणि येथून बाहेर जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे.

तरीही शहराची मेट्रो या वसाहतीच्या अंतर्भागात सुरुवातीला आलीच नाही. ‘नम्म मेट्रो’चा पहिला मार्ग २० ऑक्टोबर २०११ रोजी सुरू झाला आणि सुमारे ४२ किलोमीटरचा पहिला टप्पा जून २०१७ मध्ये पूर्ण झाला. त्यातील जांभळी मार्गिका पूर्व-पश्चिम, तर हिरवी मार्गिका उत्तर-दक्षिण जाते. कोरमंगला या दोन्हींच्या मधल्या कोपऱ्यात राहिले. दुसऱ्या टप्प्यातील मार्गिकाही त्याच्या कडेनेच जातात. १० ऑगस्ट २०२५ रोजी सुरू झालेली पिवळी मार्गिका सेंट्रल सिल्क बोर्डवरून जाते, गुलाबी मार्गिकेची आखणी डेअरी सर्कलवरून आहे, आणि २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिलेली निळी मार्गिका बाह्य वर्तुळाकार रस्त्याने अगरा भागातून जाते. वसाहतीच्या आत स्थानके प्रस्तावित झाली ती ‘टप्पा ३-अ’मध्ये. सर्जापूर ते हेब्बाळ या सुमारे ३७ किलोमीटरच्या आणि २८ स्थानकांच्या या मार्गिकेला कर्नाटक मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली. तिच्यात कोरमंगला दुसरा विभाग व तिसरा विभाग अशी दोन स्थानके आहेत.

इतकी वर्दळ असलेल्या भागाला जाळ्यात मागाहून स्थान का मिळते, हा प्रश्न केवळ एका वसाहतीचा नाही. मर्यादित निधीतून लोहमार्गाचे जाळे आखताना प्रत्येक निर्णयात कोणाला तरी आधी आणि कोणाला तरी नंतर असा क्रम लागतोच. हा क्रम अंदाजाने किंवा दबावाने न ठरता तर्काने ठरावा, यासाठी गणितातील इष्टतमीकरणाची प्रतिमाने उपयोगी पडतात. ही प्रतिमाने काय सांगतात आणि काय सांगू शकत नाहीत, हे दोन्ही समजून घेणे आवश्यक आहे.

प्रश्नाचा आवाका

एखाद्या पट्ट्यात स्थानकांसाठी २८ संभाव्य जागा आहेत असे मानू. प्रत्येक जागेबाबत ‘स्थानक बांधावे’ किंवा ‘बांधू नये’ असे दोनच पर्याय आहेत. तरीही एकूण आराखड्यांची संख्या दोनचा २८ वा घात, म्हणजे २६,८४,३५,४५६ इतकी होते. जागा ४० झाल्या तर ही संख्या एक लाख नऊ हजार कोटींच्या पुढे जाते. शिवाय येथे मार्गाची दिशा, उन्नत की भूमिगत ही निवड, गाड्यांची वारंवारता आणि बांधकामाचा क्रम हे घटक धरलेलेच नाहीत. प्रत्येक आराखडा तपासून सर्वोत्तम निवडणे माणसाला अशक्य असते आणि संगणकालाही लवकरच अशक्य होते. म्हणून सर्व आराखडे न तपासता त्यांतील सर्वोत्तम शोधण्याच्या रीती विकसित झाल्या. ज्या शास्त्रात त्यांचा अभ्यास होतो, त्यास ऑपरेशन्स रिसर्च किंवा क्रियात्मक संशोधन असे म्हणतात.

प्रतिमानाची तीन अंगे

इष्टतमीकरणाच्या कोणत्याही प्रतिमानाला तीन अंगे असतात. पहिले अंग म्हणजे निर्णयचल. जे ठरवणे नियोजनकाराच्या हाती आहे ते येथे चलांच्या रूपात मांडले जाते. उदाहरणार्थ, दुवा बांधला तर चलाची किंमत १ आणि न बांधल्यास ०. दुसरे अंग म्हणजे उद्दिष्टफल. काय कमीत कमी किंवा जास्तीत जास्त करावयाचे आहे, ते यात सूत्ररूपाने लिहिले जाते. एकूण खर्च, प्रवाशांचा एकूण वेळ किंवा सेवा मिळणाऱ्या नागरिकांची संख्या अशी उद्दिष्टे असू शकतात. तिसरे अंग म्हणजे मर्यादा. उपलब्ध निधी, वळणाची किमान त्रिज्या, चढाची कमाल तीव्रता, डब्यांची क्षमता, दोन गाड्यांमधील सुरक्षित अंतर इत्यादी अटी यात येतात.

उद्दिष्टफल आणि मर्यादा दोन्ही एकघाती असतील आणि चलांना अपूर्णांकी किमती चालत असतील, तर त्या प्रश्नास रेषीय प्रायोजन म्हणतात. काही चलांना पूर्णांक किमतीच घेता येत असतील, तर तो मिश्र पूर्णांक प्रायोजनाचा प्रश्न होतो. स्थानक अर्धे बांधता येत नाही. त्यामुळे लोहमार्गाच्या आखणीतील बहुतेक प्रश्न या दुसऱ्या, अधिक कठीण प्रकारात मोडतात.

एक लहान उदाहरण

पुढील आकडे केवळ समजुतीसाठी घेतलेले आहेत. क, ख, ग आणि घ या चार जागांवर स्थानक बांधण्याचा खर्च अनुक्रमे ६, ५, ५ आणि ३ एकके आहे. दररोज लाभ घेणारे प्रवासी अनुक्रमे ६४, ५०, ४८ आणि २७ हजार आहेत. निधी १० एककांचा आहे. कोणती स्थानके बांधावीत?

सहज सुचणारी रीत अशी की, दर एकक खर्चामागे सर्वाधिक प्रवासी देणारी जागा प्रथम निवडावी. या कसोटीवर क पहिली येते. तिच्यासाठी ६ एकके खर्च झाल्यावर ४ उरतात. त्यात ख किंवा ग बसत नाही, फक्त घ बसते. एकूण लाभ ९१ हजार होतो आणि एक एकक विनावापर राहते. परंतु क वगळून ख आणि ग निवडल्या, तर नेमकी १० एकके खर्च होतात आणि लाभ ९८ हजारांवर जातो. एकेका जागेचा सुटा विचार केल्यास जी सर्वोत्तम दिसते, ती संपूर्ण आराखड्यात असेलच असे नाही, हा पहिला निष्कर्ष.

९८ हजारांहून चांगला आराखडा नाहीच, हे सर्व पर्याय न तपासता कसे ठरवावे? त्यासाठी स्थानकाचा अंश बांधता येतो असे क्षणभर मानतात. तसे मानल्यास क पूर्ण आणि ख चार पंचमांश बांधून १०४ हजार लाभ मिळतो. प्रत्यक्षातील कोणताही आराखडा या मर्यादेपलीकडे जाऊ शकत नाही. मग ‘ख बांधले’ आणि ‘ख बांधले नाही’ अशा दोन शाखा करून प्रत्येकीची कमाल मर्यादा याच रीतीने काढतात. ज्या शाखेची मर्यादा हाती आलेल्या उत्तराहून कमी भरते किंवा जी निधीत बसत नाही, ती पुढे न तपासता सोडून देतात. ही ‘शाखा आणि सीमा’ पद्धत एल्सा लँड आणि ॲलिसन डॉइग यांनी १९६० मध्ये मांडली. मोठ्या पूर्णांक प्रश्नांसाठीच्या आजच्या संगणकीय प्रणालींचा ती पाया आहे.

या उदाहरणातून आणखी दोन गोष्टी स्पष्ट होतात. निधी १० ऐवजी ११ एकके असता तर क आणि ख दोन्ही बसून लाभ ११४ हजार झाला असता. म्हणजे एका जादा एककाने १६ हजार प्रवाशांची भर पडली असती. निधीच्या शेवटच्या एककाचे हे मोल रेषीय प्रायोजनात छायाकिंमत या नावाने ओळखले जाते. दुसरे असे की, घ ही गरीब वस्तीजवळची जागा आहे आणि तिथे स्थानक हवेच, अशी अट घातली, तर १० एककांत मिळणारा सर्वाधिक लाभ ९१ हजार राहतो. त्या अटीची किंमत सात हजार प्रवासी एवढी आहे. ही किंमत द्यावी की देऊ नये, हे गणित सांगत नाही. ती किती आहे एवढे मात्र ते नेमके सांगते.

जाळे म्हणजे स्थानकांची यादी नव्हे

वरील उदाहरणात प्रत्येक स्थानकाचा लाभ स्वतंत्र मानला होता. प्रत्यक्षात तो इतर स्थानकांवर अवलंबून असतो. डेअरी सर्कलचे स्थानक एकाच मार्गिकेवर असेल तर त्याचा उपयोग मर्यादित राहतो. तेथे गुलाबी मार्गिकेला ३-अ टप्प्यातील मार्गिका येऊन मिळाली, तर दोन्ही मार्गिकांवरील प्रत्येक स्थानकाचे मोल वाढते. अगरा, के. आर. सर्कल आणि हेब्बाळ येथेही अशीच इंटरचेंज स्थानके प्रस्तावित आहेत. म्हणून जाळ्याच्या प्रतिमानात प्रवासी हे प्रवाहासारखे मानले जातात. प्रत्येक ठिकाणाहून प्रत्येक ठिकाणी जाणाऱ्यांची संख्या एका कोष्टकात मांडतात आणि तो प्रवाह दुव्यांमधून वाहतो असे धरतात.

या प्रतिमानातील मध्यवर्ती अट सोपी आहे. दुव्यावरील प्रवाह हा त्याची क्षमता आणि त्याचा निर्णयचल यांच्या गुणाकाराहून अधिक असू शकत नाही. दुवा न बांधल्यास निर्णयचल शून्य असतो आणि प्रवाहही शून्यच राहतो. बांधकामाचा एकदाच होणारा खर्च आणि प्रवासाचा रोज होणारा खर्च या एका अटीने परस्परांशी जोडले जातात.

केवळ सर्व ठिकाणे कमीत कमी लांबीत जोडावयाची असतील, तर लघुतम विस्तारी वृक्षाची पद्धत पुरते. मोराव्हियातील वीजवाहिन्यांच्या प्रश्नावरून ओटाकर बोरुव्का यांनी १९२६ मध्ये ती प्रथम मांडली. असे जाळे स्वस्त असते, परंतु त्यात कोणत्याही दोन ठिकाणांमध्ये एकच मार्ग असतो. तो बंद पडला तर जाळ्याचे दोन तुकडे होतात. शिवाय शेजारच्या भागात जाण्यासाठी शहराच्या मध्यापर्यंत जाऊन परतावे लागू शकते. बाह्य वर्तुळाकार रस्त्यावरील निळ्या मार्गिकेसारखे आडवे दुवे लांबी व खर्च वाढवतात, पण हा फेरा वाचवतात.

जाळ्याची वाहून नेण्याची क्षमता त्यातील सर्वांत अरुंद छेदावर ठरते. हा सिद्धान्तही रेल्वेच्या अभ्यासातून पुढे आला. अमेरिकेतील रँड संस्थेत टी. ई. हॅरिस आणि एफ. एस. रॉस यांनी १९५५ मध्ये सोव्हिएत संघ व पूर्व युरोपातील रेल्वेचे ४४ केंद्रांचे प्रतिमान करून ते जाळे कोठे तुटू शकते याचा शोध घेतला होता. शीतयुद्धाच्या काळातील तो गोपनीय अहवाल १९९९ मध्ये खुला झाला. याच प्रश्नावरून लेस्टर फोर्ड आणि डेल्बर्ट फल्कर्सन यांचा महत्तम प्रवाहाचा सिद्धान्त विकसित झाला. शहरी वाहतुकीत त्याचा अर्थ असा की, अडचणीची जागा तशीच ठेवून इतरत्र क्षमता वाढवली तर एकूण वाहतूक वाढत नाही. सिल्क बोर्ड चौकातील कोंडी अनुभवणाऱ्या बंगळुरूकरांना हे वेगळे सांगावे लागत नाही.

उकलीच्या रीतींचा प्रवास

या शास्त्राचा आणि रेल्वेचा संबंध जुना आहे. सोव्हिएत संघात ए. एन. टॉल्स्टॉय यांनी १९३० मध्ये रेल्वेने मीठ, सिमेंट इत्यादी माल कमीत कमी अंतरात पोहोचवण्याचा प्रश्न पद्धतशीरपणे मांडला. १० पुरवठा केंद्रे आणि ६८ मागणी केंद्रे असलेला प्रश्न त्यांनी संगणकाशिवाय सोडवला. लिओनिद कँटोरोव्हिच यांनी १९३९ मध्ये उत्पादन नियोजनासाठी रेषीय प्रायोजनाची मांडणी केली. साधनसंपत्तीच्या इष्टतम वाटपाच्या सिद्धान्ताबद्दल त्यांना आणि त्यालिंग कूपमान्स यांना १९७५ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. जॉर्ज डान्ट्झिग यांची १९४७ ची सिम्प्लेक्स पद्धत आजही वापरात आहे.

या परंपरेत मराठी वाचकांना परिचित असलेले नाव म्हणजे नरेंद्र करमरकर. ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबात जन्मलेल्या आणि मुंबईच्या आयआयटीत शिकलेल्या करमरकर यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत असताना १९८४ मध्ये रेषीय प्रायोजनाची नवी रीत प्रसिद्ध केली. सिम्प्लेक्स पद्धत शक्य उकलींच्या बहुपृष्ठकाच्या कडांवरून एका शिरोबिंदूकडून दुसऱ्याकडे सरकते. करमरकर यांची रीत त्याच्या अंतर्भागातून उत्तराकडे जाते. प्रश्नाचा आकार वाढला तरी तिला लागणारा वेळ बहुपदीच्या मर्यादेत राहतो. मोठ्या जाळ्यांचे प्रश्न सोडवण्यास यामुळे मोठी चालना मिळाली.

मार्ग बांधून झाल्यावरही इष्टतमीकरणाचे काम संपत नाही. नेदरलँड्सच्या रेल्वेने डिसेंबर २००६ मध्ये गणिती प्रतिमानांच्या आधारे तयार केलेले संपूर्ण नवे वेळापत्रक लागू केले. त्या कार्यास २००८ मध्ये फ्रान्झ एडेलमन पुरस्कार मिळाला. भारतीय रेल्वेने २०२० मध्ये शून्याधारित वेळापत्रकाचे काम हाती घेतले, तेव्हा मुंबईच्या आयआयटीचे साहाय्य घेतले होते.

बांधण्याचा खर्च आणि चालवण्याचा खर्च

लोहमार्गाच्या आखणीत आज वाचवलेला पैसा पुढे दरवर्षी मोजावा लागण्याचा संभव असतो. महाराष्ट्रातील दोन मार्ग याची साक्ष देतात. १८६३ मध्ये खुल्या झालेल्या बोरघाटातील मार्गावर ३७ मीटर अंतराला एक मीटर इतका तीव्र चढ स्वीकारण्यात आला. तत्कालीन साधनांनी लांब बोगदे खोदणे अवघड होते. खंडाळ्याजवळ गाडीची दिशा उलटवणारे स्थानक होते, ते १९२९ मध्ये नव्या मार्गामुळे टळले. चढ मात्र कायम राहिला. कर्जतहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या अनेक गाड्यांना मागून रेटा देणारी जादा इंजिने आजही जोडावी लागतात.

याउलट, २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण खुल्या झालेल्या कोकण रेल्वेच्या आखणीत चढ १५० मीटरला एक मीटर इतका सौम्य ठेवण्यात आला आणि मार्ग ताशी १६० किलोमीटर वेगासाठी आखला गेला. त्यासाठी रोहा ते ठोकूर या सुमारे ७४० किलोमीटरच्या मार्गावर नव्वदहून अधिक बोगदे आणि सुमारे दोन हजार पूल बांधावे लागले. येथे आरंभी अधिक खर्च करून पुढील खर्च टाळण्यात आला. प्रतिमानात हे दोन्ही खर्च एकाच तराजूत यावेत म्हणून भविष्यातील खर्चाचे आजचे मूल्य काढून ते बांधकाम खर्चात मिळवतात. त्यासाठी कोणता व्याजदर धरला यावर निवड बदलू शकते. दर जास्त धरल्यास पुढील पिढ्यांचा खर्च लहान दिसतो आणि तीव्र चढाचा स्वस्त मार्ग सरस ठरतो.

कोरमंगलात घाट नाही. तेथे हाच प्रश्न उन्नत की भूमिगत या रूपात येतो. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिलेला ‘नम्म मेट्रो’चा तिसरा टप्पा ४४.६५ किलोमीटर लांबीचा, उन्नत आणि १५,६११ कोटी रुपये खर्चाचा आहे. दर किलोमीटरला सुमारे ३५० कोटी रुपये पडतात. टप्पा ३-अ ला राज्य मंत्रिमंडळाची मान्यता मिळाली तेव्हा त्याचा अंदाजित खर्च सुमारे २८,४०५ कोटी रुपये, म्हणजे दर किलोमीटरला सुमारे ७७५ कोटी रुपये होता. या फरकामागे एकच कारण नाही, परंतु मार्गाचा मोठा भाग भूमिगत असणे हे त्यांतील प्रमुख कारण होय. दाट वस्तीतून उन्नत मार्ग न्यायचा तर जमीन व इमारती संपादित कराव्या लागतात, भूमिगत न्यायचा तर खोदकामाचा खर्च वाढतो. जेथे प्रवासी सर्वाधिक, तेथेच मार्ग सर्वांत महाग पडतो. कडेच्या रुंद रस्त्यावरून जाणारी मार्गिका खर्च कमीत कमी करणाऱ्या प्रतिमानात प्रथम का निवडली जाते, याचे उत्तर येथे मिळते.

मागणीचा अंदाज

प्रतिमानात भरावयाचा सर्वांत नाजूक आकडा म्हणजे भावी प्रवाशांची संख्या. ती साधारणतः चार पायऱ्यांनी काढली जाते. कोणत्या भागातून किती प्रवास निर्माण होतील, ते कोठे जातील, त्यांतील किती रेल्वेने, किती बसने वा स्वतःच्या वाहनाने होतील, आणि ते कोणत्या मार्गाने जातील, अशा त्या पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीवरील चूक पुढच्या पायरीत मिसळते. बेंट फ्ल्यूबियर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये १४ देशांतील २१० वाहतूक प्रकल्पांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दहापैकी नऊ रेल्वे प्रकल्पांमध्ये प्रवाशांचा अंदाज प्रत्यक्षाहून जास्त धरलेला आढळला आणि सरासरी अंदाज प्रत्यक्षाच्या दुपटीहून थोडा अधिक निघाला.

कोरमंगलाचा इतिहास याच अडचणीची दुसरी बाजू दाखवतो. बैठ्या घरांची वसाहत आखताना ती रोजगाराचे केंद्र होईल हे कोणी गृहीत धरले नव्हते. लोहमार्ग किमान शंभर वर्षांसाठी बांधला जातो, तर शहराचा एखादा भाग वीस वर्षांत ओळखू येणार नाही इतका बदलतो. म्हणून आता एकाच अंदाजावर विसंबण्याऐवजी अनेक शक्यता मांडून, त्यांपैकी कोणतीही खरी ठरली तरी फार नुकसान होणार नाही असा आराखडा शोधण्याकडे कल आहे. यास भक्कम इष्टतमीकरण असे म्हणता येईल. भविष्यात दुसरी मार्गिका जोडता यावी म्हणून स्थानकात आधीच जागा राखणे, हा याच विचाराचा व्यावहारिक भाग आहे.

कोणाचा वेळ मोजावा?

प्रकल्पाच्या लाभात सर्वांत मोठा वाटा बहुधा वाचलेल्या वेळेचा असतो. त्या वेळेचे पैशात मूल्य काढताना प्रवाशाच्या उत्पन्नाचा आधार घेतला, तर एक विचित्र परिणाम होतो. कोरमंगलातील कार्यालयात येणाऱ्या संगणक अभियंत्याची वाचलेली वीस मिनिटे मोठी ठरतात. त्याच परिसरात घरकामाला येणाऱ्या स्त्रीची वीस मिनिटे त्याच्या काही अंशाइतकीच धरली जातात. मग गणित अचूक असूनही आराखडा अधिक उत्पन्नाच्या भागांकडे झुकतो. सर्वांच्या वेळेस समान मूल्य दिले तर तेच प्रतिमान वेगळा मार्ग निवडू शकते.

असाच फरक ‘सरासरी’ आणि ‘सर्वांत दूरचा’ या दोन उद्दिष्टांमध्ये आहे. एस. एल. हकिमी यांनी १९६४ मध्ये जाळ्यावरील मध्यक आणि केंद्र यांचा भेद स्पष्ट केला. सर्व नागरिकांचे स्थानकापर्यंतचे एकूण अंतर कमी करावयाचे तर स्थानके दाट वस्तीकडे सरकतात. सर्वांत दूर राहणाऱ्याचे अंतर कमी करावयाचे तर ती कडेच्या वस्त्यांकडे सरकतात. दोन्ही उत्तरे गणितदृष्ट्या इष्टतम आहेत. कोणते स्वीकारावे, हा धोरणाचा प्रश्न आहे. व्यवहारात दोन्ही उद्दिष्टे एकत्र घेऊन, एकातील किती लाभ सोडल्यास दुसऱ्यात किती मिळतो, याचे पर्याय निर्णयकर्त्यांपुढे ठेवले जातात.

धोरणाची चौकट

केंद्र सरकारच्या २०१७ च्या मेट्रो रेल्वे धोरणाने या विचाराला प्रशासकीय रूप दिले. मेट्रोचा प्रस्ताव पाठवण्यापूर्वी बस, हलकी रेल्वे इत्यादी पर्यायांचे तुलनात्मक विश्लेषण करणे त्याने आवश्यक केले. प्रकल्पाची पात्रता केवळ वित्तीय परताव्यावर न ठरवता किमान १४ टक्के आर्थिक परतावा दर ही कसोटी ठेवण्यात आली. वित्तीय परताव्यात तिकिटाचे व अन्य उत्पन्न धरले जाते. आर्थिक परताव्यात वाचलेला वेळ, कमी झालेले अपघात व प्रदूषण असे समाजाला होणारे लाभही धरले जातात. हा भेद परीक्षार्थींनी विशेष लक्षात ठेवावा. शहरातील सर्व वाहतूक यंत्रणांचा समन्वय साधणारे एकीकृत महानगर परिवहन प्राधिकरण असावे, हीदेखील या धोरणातील अपेक्षा आहे. बंगळुरूसाठी अशा भूपरिवहन प्राधिकरणाचा कायदा कर्नाटक विधिमंडळाने २०२२ मध्ये संमत केला.

समन्वयाची गरज कोरमंगलात ठळकपणे दिसते. इजिपुरा ते केंद्रीय सदन हा सुमारे अडीच किलोमीटरचा उड्डाणपूल २०१७ मध्ये हाती घेण्यात आला आणि अनेक वर्षे रेंगाळला. रस्त्याची रुंदी तीच असताना उड्डाणपूल, मेट्रो, बस आणि पादचारी यांचे आराखडे वेगवेगळ्या कार्यालयांत स्वतंत्रपणे केले, तर प्रत्येक आराखडा आपापल्या मर्यादेत इष्टतम असूनही एकत्रित परिणाम तसा राहत नाही. स्थानकापासून घरापर्यंतचे शेवटचे अंतर बसने किंवा पायी सुलभ नसेल, तर मेट्रोच्या प्रतिमानात धरलेले प्रवासीही प्रत्यक्षात येत नाहीत.

या सर्व विवेचनाचा मथितार्थ असा की, इष्टतम हा शब्द कधीही एकटा वापरता येत नाही. कोणत्या उद्दिष्टासाठी, कोणत्या मर्यादांत आणि कोणत्या गृहीतकांवर इष्टतम, हे सांगितल्याशिवाय त्यास अर्थ नाही. कोरमंगलाच्या कडेने जाणारा मार्ग एका उद्दिष्टासाठी योग्य असेल आणि मधून जाणारा दुसऱ्या उद्दिष्टासाठी. सविस्तर प्रकल्प अहवालात अंतिम मार्गाबरोबरच नाकारलेले पर्याय, त्यांचे खर्च आणि प्रत्येक अटीची किंमत स्पष्टपणे मांडली गेली, तर नागरिकांना आणि लोकप्रतिनिधींना योग्य प्रश्न विचारता येतात. ज्या वस्तीला मार्गिकेसाठी आणखी काही वर्षे थांबावे लागणार आहे, तिला निदान आपण का थांबत आहोत आणि आपल्या थांबण्याने कोणाची किती सोय होत आहे, हे समजण्याचा अधिकार आहे. गणिती प्रतिमानांचा लोकशाही नियोजनातील खरा उपयोग हाच होय.